मष्णूनं ओ दिली नाही

मला आयुष्यभर लोकांनी भलत्याच नावानं हाक मारली आणि मी दर वेळी हौसेनं ओ दिली. घरच्यांनी ठेवलेलं नाव चिंतामणी. निपाणीत गेलो की मी चिंतामणराव व्हायचो, बेळगावच्या पेठेत कानडी व्यापारी मला चिंतामणप्पा म्हणायचे. आमच्या नाटकात मी लतिका नावाची राजकन्या करायचो. ते नाटक चाललं आणि माझी बाकीची नावं मागं पडली. कासारसुद्धा भर बाजारात ओरडायचा, "लतिकाबाई, हात पुढं करा, नवा माल आलाय!" मी लाजत हात पुढं करायचो. बघे खूष, कासार खूष, मी सगळ्यांत जास्त खूष.

सगळ्यांचं असं नसायचं. आमचे प्रॉम्प्टर रघुवीर. त्यांचं नाव एकदा हँडबिलावर रघुनाथ छापलं गेलं, तर भले गृहस्थ पंगतीतून उठून गेले आणि जिलबी होती तरी परत आले नाहीत. आम्ही पोट धरून हसलो. नाव म्हणजे काय, अंगरखा. एक उतरवायचा, दुसरा चढवायचा. नटाला त्याचं काय एवढं? मष्णू भेटेपर्यंत मी असंच समजत होतो.

ही गोष्ट पंचवीस-सव्वीस सालातली. कंपनीचा मुक्काम खानापुरात होता आणि पडद्यांच्या दांड्या मोडल्या होत्या. लाकडाची गाडी मागवली. तालीम चालू होती, मी रडण्याचा प्रवेश अगदी रंगात आणला होता, आणि बाहेरून आवाज आला, "बाजूला सरा रंऽऽ!" तालीम थांबली. तबला थांबला. माझं रडणंसुद्धा थांबलं. कंपनीचे मालक मारुतीराव जागचे उठले, दाराशी गेले आणि म्हणाले, "हा आवाज कुणाचा?"

गाडीवर एक धिप्पाड गडी उभा होता. गाडी रिकामी होऊन परत गेली. गडी राहिला.

तो मष्णू. त्याला पहिलं काम मिळालं भालदाराचं. दरबारात राजा आला, प्रधान आला, की काठी आपटून त्यांचं नाव घोषायचं, बस्स. पण काय घोषायचा! नुसतं नाव ऐकून शेवटच्या बाकावरची माणसं ताठ बसायची. मग आमचा सेनापती करणारा नट दुसऱ्या कंपनीनं फोडला, आणि निपाणीच्या मुक्कामात मारुतीरावांनी ते काम मष्णूला दिलं. लांब दाढी, कमरेला तलवार, तीन प्रवेश आणि एक लढाई. मष्णूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं मालकांचे पाय धरले.

"ऊठ. हँडबिलाला नाव सांग पुरतं," मारुतीराव म्हणाले.

"मष्णू भावकू."

"विष्णू म्हणायचंय तुला."

"न्हाय मालक. मष्णू."

"अरे, तेच ते. विष्णूचं इष्णू, इष्णूचं मिष्णू, मिष्णूचं मष्णू. तुम्हा खेडवळांच्या जिभेवर देवाचीसुद्धा सालं निघतात."

"मसणातलं मष्णू हाय मालक. आमच्या मसणाईदेवीचं."

मारुतीरावांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "हँडबिलावर मसण छापू? बायका कडेवर पोरं घेऊन येतात नाटकाला! विष्णुपंत. ठरलं. आजपासून सगळ्यांनी तसंच म्हणायचं."

मारुतीराव वाईट माणूस नव्हते. आजारी नटाच्या उशाशी बसून पेज भरवणारा मालक मी तो एकच पाहिला. त्यांना मनापासून वाटलं, आपण ह्या पोराचं भलं केलं, त्याला चांगलं नाव दिलं. त्यांनी त्याला नवा फेटासुद्धा बांधला.

पण त्या दिवसापासून मष्णूचे पाय थांबेनात.

सांगतो म्हणजे काय ते. कुणी "विष्णुपंत" म्हणून हाक मारली की तो आधी दचकायचा, मग भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटायचा, आणि मग चालायला लागायचा. बिऱ्हाडाच्या अंगणात ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. जेवताना ताट घेऊन चालायचा. तोंडाला रंग लावून बसवलं तरी गुडघे हलायचे. कंपनीतली पोरं म्हणजे तुम्हाला ठाऊक. त्यांना खेळच मिळाला. "विष्णुपंत, चहा!" "विष्णुपंत, तुमच्या गरुडाला वैरण घातली का?" तो भिंतीकडे वळायचा, पुटपुटायचा, चालायचा.

एकदा मी मागे जाऊन कान दिला. तो स्वतःलाच सांगत होता, "मष्णू. मष्णू हाय. मष्णू."

निपाणीहून आम्ही संकेश्वरला गेलो. तिथं जवळच गुऱ्हाळ चालू होतं. एका सकाळी मी त्याला तिकडे घेऊन गेलो. आम्ही काकवीत भाकरी बुडवून खाल्ली, म्हणजे मी बसून खाल्ली आणि त्यानं उभ्यानं.

"बस की जरा," मी म्हणालो. "एवढं काय आहे त्या नावात? मला बघ, लोक बाई म्हणतात."

"तुमचं येगळं अण्णा. तुमच्या नावाखाली कोण निजलेलं न्हाय."

मग त्यानं सांगितलं. "माझ्याआधी आईची चार गेली. कोण पाळण्यातनं, कोण रांगताना. मी झालो तवा आईनं मला उचललं आन् गावाभायेर मसणाईम्होरं भुईवर ठेवलं. म्हणाली, आये, ह्यो तुझा. मी निस्ती सांभाळते. म्हणून मष्णू. मरण दारात आलं तर इचारतंय, ह्यो कुणाचा? मष्णू म्हटलं की त्येला कळतंय, ह्यो आधीच दिलेला हाय. म्हागारी जातंय. आता इष्णू म्हटल्यावर कुणाचा म्हणून सोडंल?"

"खरं वाटतं तुला हे?"

त्यानं विचार केला. "मला ठावं न्हाय अण्णा. माझ्या पायास्नी वाटतंय."

"मग मालकांना सांग, नको मला सेनापती."

हे ऐकल्यावर मात्र तो उभ्याचा उभा थांबला. त्याला सेनापती हवा होता. भुकेल्याला जेवण हवं असतं तसा हवा होता. तलवार उपसून तो पहिल्यांदा पुढं आला तेव्हा लोकांनी टाळी दिली होती, आणि ती टाळी एकदा ज्याच्या कानात शिरली त्याला लाकडाची गाडी हाकता येत नाही. हे मी माझ्या अनुभवानं सांगतो. शिवाय त्यानं बाजारात आलेल्या गाववाल्याजवळ आईला निरोप धाडला होता, 'तुझा मष्णू सेनापती झालाय, बेळगावच्या मुक्कामाला बघायला ये.' सेनापती सोडवत नव्हता आणि विष्णुपंत सोसवत नव्हता. आई आली आणि तिनं ते नाव ऐकलं तर काय, ह्या विचारानं तो पुन्हा चालायला लागला.

त्याच मुक्कामात व्हायचं ते झालं. प्रयोग रंगात होता. मी, लतिका, महालात सखीला म्हणत होते, "सखे, सेनापती येत आहेत. ऐक त्यांची पावले!" पावलं ऐकू येतच होती. विंगेत मष्णूच्या येरझाऱ्या चालू होत्या. पण सेनापती काही येईनात. रघुवीर वही घेऊन त्याच्याजवळ उभे राहून कुजबुजत होते, "विष्णुपंत, जा! अहो विष्णुपंत!" मष्णू त्यांच्याकडे बघायचा आणि वळून चालू लागायचा. ओ म्हणून नाही. महिनाभर त्या हाकेला कान बंद करून करून त्याचे कान खरोखरच बंद झाले होते.

मी पदर सावरला, नथ सावरली, दोनदा सुस्कारे सोडले. सखीनं मला उगाच वारा घातला. लोक चुळबुळू लागले. शेवटी मी लतिकेच्या अगदी गोड आवाजात म्हणालो, "सखे, त्यांना त्यांच्या मातोश्रींनी ठेवलेल्या नावाने हाक मारते, म्हणजे येतील. मष्णूऽऽ!"

"ओऽऽ!" विंगेतून गर्जना आली आणि सेनापती तलवार विसरून माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

काय टाळ्या पडल्या! लोक म्हणाले, पुन्हा करा. मारुतीराव मात्र लाल झाले. पडदा पडल्यावर त्यांनी सगळ्यांना उभं केलं. "हे संकेश्वर होतं, खपलं. बेळगावात वकील येतील, मास्तर येतील. तिथं 'मष्णू' हा शब्द कुणी तोंडातून काढला तर त्यानं आपली वळकटी उचलायची. दारावरसुद्धा सांगून ठेवा. कुणी मष्णूला विचारत आलं तर असा कुणी कंपनीत नाही."

ती ताकीद बेळगावात दारावर बसणाऱ्या भरमूलाही गेली. भरमू तिकिटं फाडायचा आणि तिकिटामागे एक थट्टा फुकट द्यायचा.

रविवार होता, दुपारचा खेळ. आम्ही आत रंगून बसलो होतो. मष्णूच्या हनुवटीला दाढी चिकटवली होती, आणि तो दाढी सुकेपर्यंत खोलीभर चालत होता. दारावर वाजंत्री वाजत होती, कारण लोक जमेपर्यंत ती वाजवायचीच असा रिवाज होता. तेवढ्यात त्याची आई नागुबाई आली. खानापूरच्या गाडीनं आली होती. नवं लुगडं, आणि हातात लेकासाठी भाकरीचं गाठोडं. पुढचं भरमूनंच मला नंतर रडत रडत सांगितलं.

तिनं विचारलं, "माझा मष्णू हितं हाय न्हवं?"

भरमूला मालकाची ताकीदही पाळायची होती आणि थट्टाही सोडवत नव्हती. तो म्हणाला, "मष्णू? मष्णू गेला की मावशी! आता हितं विष्णुपंत आल्यात."

सनईच्या आवाजात तिला पहिलं वाक्य ऐकू आलं. दुसरं नाही.

"गेला?"

"कवाच गेला!" भरमू हसून म्हणाला आणि पुढच्याचं तिकीट फाडू लागला.

तिनं गाठोडं खाली ठेवलं. मग ती स्वतः खाली बसली, रस्त्यातल्या धुळीत, नव्या लुगड्यासकट. आणि मग तिनं गळा काढला. "मष्णूऽऽ! माझा पाचवा बी न्हेलास गं आये, सांभाळ म्हटलं व्हतं, न्हेलास!" वाजंत्री बंद पडली. रांग मोडली.

हा आवाज आत आला तेव्हा मला कळलं, मष्णूला तो गळा कुणाकडून मिळाला होता. मष्णू धावला. त्याच्यामागे मी, नऊवारी आणि नथीसकट.

तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. डोक्याला जिरेटोप, भुवया काजळानं कानापर्यंत ओढलेल्या, छातीपर्यंत दाढी. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि मागे सरली.

"तू कोण रं बाबा?"

"आये, मी हाय."

"मी म्हंजे कोण? नाव सांग."

मष्णूनं तोंड उघडलं. तेवढ्यात त्याला दारात उभे असलेले मारुतीराव दिसले. मारुतीराव त्याच्याकडे रोखून बघत होते. त्यानं तोंड मिटलं. सगळी गर्दी बघत होती. तलवार, टाळी, ती दाढी, सगळं त्या एका शब्दावर टांगलं होतं.

"नाव सांग की रं!" ती म्हणाली.

"मष्णू," तो हळूच म्हणाला.

"मोठ्यानं."

त्यानं दाढी धरून ओढली. कातडीसकट आली असेल. आणि तो असा ओरडला, "मष्णूऽऽ! मष्णू हाय मी!" की टांग्याचा घोडा बिथरला.

नागुबाईनं त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपून बघितलं. मग पदरानं त्याच्या हनुवटीवरचा डिंक पुसू लागली. पुसता पुसता तिनं त्याच्याकडून काय घडलं ते काढून घेतलं आणि तशीच उठून मारुतीरावांसमोर गेली. मला वाटलं, आता शिव्या घालते. तिनं हात जोडले.

"मालक, सोंगाला काय बी नाव द्या. राजा म्हणा, राक्षस म्हणा. सोंग उतरतंय. पर ह्येच्या अंगाला दुसरं नाव लावू नगासा. मी चार पुरल्यात."

मारुतीराव खाली बघत म्हणाले, "बाई, हँडबिलं छापून झालीत. गावभर वाटलीत." पण त्या बोलण्यात काही दम नव्हता.

रांगेतला एक कानडी भांडीवाला पुढं आला. "त्यात काय हाय मालक? आमच्यात बी मसणाप्पा म्हणत्यात. माझ्या काकाचंच नाव हाय. दुकान हाय त्याचं, मोठ्ठं."

"त्या नावावर गिऱ्हाईक येतं?"

"का येत न्हाई? तांब्या चांगला पाहिजे."

लोक हसले. मारुतीरावही हसले, त्यांना आवरलंच नाही. त्यांनी वाकून भाकरीचं गाठोडं उचललं, धूळ झटकली, आणि नागुबाईला स्वतः बायकांच्या जागेत नेऊन पुढं बसवलं. मष्णूची दाढी आम्ही नव्यानं चिकटवली.

नांदी झाली. मग कधी न होणारी गोष्ट झाली. मारुतीराव पडद्याबाहेर गेले आणि हात जोडून म्हणाले, "रसिकहो, हँडबिलात एक चूक झाली आहे. सेनापतींचे काम करणार आहेत राजमान्य राजेश्री," इथं त्यांनी आवंढा गिळला, "मष्णुपंत!"

वकील-मास्तरांत खसखस पिकली. आणि बायकांतून तो गळा उठला, "पंत न्हाय वो! निस्ता मष्णू!"

असा हशा, अशी टाळी मी पुढं कधी ऐकली नाही. खेळ शेवटपर्यंत रंगला. लढाईत मष्णूनं तीन तलवारी मोडल्या.

मी विंगेत त्याची पाठ थोपटली. "झालं ना आता? जिंकलास." आणि बघतो तर त्याचे पाय चालतच होते.

"व्हय अण्णा. पर ती कागदं गावभर हायत. त्येच्यावरचा इष्णू कुणाचा?"

ते काही अगदीच खोटं नव्हतं. मारुतीरावांनी पुढची हँडबिलं 'मष्णू' छापून काढली, कंपनीतली पोरंही त्याच नावानं हाक मारू लागली. पण बाहेरच्यांना पहिलं नावच आठवायचं. नऊ-दहा वर्षं तो कंपनीत होता. निपाणीत, संकेश्वरात, बेळगावात कुणीतरी चहाच्या दुकानातून ओरडायचंच, "काय विष्णुपंत, बरं आहे ना?" तो दचकायचा. भिंत शोधायचा. आपलं नसलेलं काहीतरी आपल्यामागून गावोगाव हिंडतंय, असा तो मागे वळून बघायचा.

मग बोलपट आले. कंपनी मोडली, आम्ही पांगलो. मी वडगावात विणकरांच्या पोरींना गाणी शिकवू लागलो, आणि मष्णू परत लाकडाकडे गेला.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी, दिवाळीनंतर, मी खानापूरला त्याला भेटायला गेलो. त्याच्या वखारीत चहा पीत बसलो होतो. मी बसलो होतो, आणि तो ओंडक्यांच्या कडेनं फिरत होता. तेवढ्यात रस्त्यावरून जाणारे एक वयस्क मास्तर थांबले, चष्मा वर करून बघत म्हणाले, "अरे, तुम्ही ते सेनापती ना? विष्णुपंत!"

मी डोळे मिटून घेतले. आता हा दचकणार.

"विष्णू व्हय?" मष्णू शांतपणे म्हणाला. "त्यो शाळंत गेलाय."

मास्तर गोंधळून निघून गेले. मी डोळे उघडले.

"माझा थोरला," तो म्हणाला. "आईनंच नाव ठेवलं, जाण्याआधी. म्हणाली, ते नाव बेवारशी हिंडतंय तुझ्या म्हागं. घरात घे त्येला, म्हंजे तुझा पिच्छा सोडंल. ह्येच्याआधी तुझं कुठलं पोर गेलेलं न्हाय. ह्येला चालंल."

"आणि सुटला पिच्छा?"

"माझा सुटला."

तो असं म्हणाला खरा, पण त्याची नजर रस्त्याकडे होती. शाळा सुटायची वेळ टळली होती. रस्त्याच्या पलीकडे रान लागतं. तो वखारीच्या कुंपणाशी गेला, परत आला, पुन्हा गेला. चहा निवला. मग त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाक मारली. तोच गळा. ज्या नावाला त्यानं स्वतः जन्मात कधी ओ दिली नाही, ते नाव तो जिवाच्या आकांतानं रानाच्या कडेला घोषत होता.

"विष्णूऽऽ!"

काही नाही. त्याचे पाय कुंपणाच्या कडेकडेनं चालत राहिले.

"विष्णूऽऽ रंऽऽ!"

लांबून, झाडांच्या आडून, बारीक पण खणखणीत आवाज आला, "ओऽऽ!"

तेव्हा कुठे मष्णू माझ्याशेजारी येऊन बसला.